पणजोबांच्या मालगुजारीचे कागद आणि विद्यापीठाचं ग्रंथालय

तुमचा प्रश्न असा आहे: पणजोबांकडे उमरेडजवळच्या एका गावाची मालगुजारी (गावाचा सारा गोळा करण्याचा हक्क आणि पुढे मालकी) होती असं घरात सांगतात, पेटीत काही मोडी कागदही आहेत. तुम्ही विद्यार्थी नाही, प्राध्यापकही नाही. नागपूर विद्यापीठाच्या ग्रंथालयातली दुर्मीळ पुस्तकं आणि जुने कागद तुम्हाला बघायला मिळतील का, आणि त्यात पणजोबा सापडतील का?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. रीतसर अर्ज करून परवानगी मागा, बाहेरच्या माणसालाही जागेवर बसून वाचता येतं. दुर्मीळ पुस्तक घरी मात्र मिळत नाही, आणि ते मागूही नये. दुसऱ्या भागाचं उत्तर थोडं लांब आहे. पणजोबांचं नाव बहुधा ग्रंथालयात नाही, सरकारी रेकॉर्ड रूममध्ये (जिल्हा कचेरीच्या जुन्या कागदांच्या खोलीत) सापडेल. पण तिथे नेमकं काय मागायचं, हे ग्रंथालयात चार दिवस बसल्याशिवाय कळत नाही. थेट रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी जाऊन "आमच्या पणजोबांचे जुने कागद दाखवा" म्हणालात तर समोरचा बाबूही काही करू शकणार नाही.

याचं कारण असं, की पुस्तकं विषयावरून लावतात आणि कागद कचेरीवरून. "मालगुजारी" असं नाव लिहिलेलं कपाट कुठेच नसतं. जो कागद ज्या कचेरीत तयार झाला तो त्या कचेरीच्या दप्तरात राहतो, आणि कचेरी हलली की तिच्या मागोमाग जातो. नागपूरच्या कचेऱ्या तर फार हलल्या. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर राज्य भोसल्यांचं राहिलं तरी सूत्रं इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारात बसवलेल्या कंपनी सरकारच्या प्रतिनिधीच्या, हातात गेली. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. १९५० मध्ये त्याचंच मध्य प्रदेश झालं आणि नागपूर राजधानी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी फाइली वाटल्या गेल्या. म्हणून आज मध्य प्रांताच्या सचिवालयाचे कागद काही भोपाळच्या अभिलेखागारात आहेत, काही नागपुरात राज्याच्या पुराभिलेख कार्यालयात. रेसिडेन्सीचा, म्हणजे त्या रेसिडेंटच्या कचेरीचा, पत्रव्यवहार पाहायचा तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे बघावं लागतं. त्यांचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. गावच्या जमिनीचे कागद मात्र जिल्ह्यातच राहिले. तुमच्यासाठी हीच आनंदाची गोष्ट आहे.

आता मालगुजारीकडे येऊ. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात बंदोबस्त (जमीन मोजून सारा ठरवण्याचं काम, इंग्रजीत सेटलमेंट) केला तेव्हा गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी दिली. पुढे दर बंदोबस्ताला प्रत्येक गावाची मिसल, म्हणजे कागदांची फाइल, तयार झाली: कोणाच्या नावे किती हिस्सा, सीर (मालकाची खास हक्काची घरची जमीन) किती, खुदकाश्त (मालक स्वतः कसत असलेली इतर जमीन) किती, कुळं कोण, आणि गावाचे रीतीरिवाज नोंदवणारा वाजिब-उल-अर्ज. १९५० च्या कायद्याने ही मालकी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावं सरकारकडे आली. त्या वेळी मोबदल्याची प्रकरणं चालली. घरची शेती म्हणून काय राहिलं आणि गेलेल्या हक्कांचे किती पैसे मिळाले, हे त्या प्रकरणांत असतं. पणजोबा नाहीत तर आजोबा तिथे सापडतील, आणि हिस्सेदारांच्या नावांवरून एक पिढी मागे जाता येतं. त्यानंतरचा कागद म्हणजे १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, म्हणजे जमिनीवर कोणाचा काय हक्क याची नोंदवही. पूर्व विदर्भात जमिनीच्या कोणत्याही जुन्या कामाला लोक तिचीच नक्कल काढतात, त्यामुळे रेकॉर्ड रूममध्ये तिचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. माझा सल्ला, सुरुवात तिथूनच करून एकेक पायरी मागे जा.

मग ग्रंथालय कशाला? तर गावाची ओळख पटवायला. रामदासपेठेतल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा शहरातल्या दुसऱ्या जुन्या संदर्भसंग्रहात तीन गोष्टी मागा. चार्ल्स ग्रँटने संपादित केलेलं मध्य प्रांताचं १८७० चं गॅझेटियर, म्हणजे गावोगावची माहिती देणारा सरकारी ग्रंथ. रसेलचं नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटियर. आणि क्रॅडॉक या इंग्रज अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात केलेल्या नागपूर जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा सेटलमेंट रिपोर्ट. रसेलच्या पुस्तकाच्या शेवटच्या भागात मोठ्या गावांच्या वेगळ्या नोंदी आहेत. लोकसंख्या, बाजार, शाळा यांबरोबर कधीकधी गावाचे मालक कोणत्या घराण्यातले तेही एका ओळीत येतं. सेटलमेंट रिपोर्टात व्यक्तींची नावं कमी असतात, पण तुमचं गाव कोणत्या परगण्यात आणि कोणत्या गटात धरलं होतं हे कळतं, आणि रेकॉर्ड रूममध्ये मिसल त्याच आधारावर शोधतात.

शोधताना दोन अडचणी हमखास येतात. एक स्पेलिंगची आणि बदललेल्या जिल्ह्यांची. जुन्या इंग्रजीत नागपूरचं 'नागपोर' होतं, उमरेडचं 'उमरेर'. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढला, त्यामुळे त्याआधीच्या कागदात वर्ध्याकडचं गावही नागपूरखाली असतं. गडचिरोलीचं गाव चांद्याखाली (आजचं चंद्रपूर) आणि गोंदियाचं भंडाऱ्याखाली शोधावं लागतं, कारण हे जिल्हे १९८२ आणि १९९९ चे आहेत. दुसरी अडचण यादीची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सरकारी प्रकाशनांचा लेखक म्हणून ग्रंथालयं बहुधा माणसाचं नाव लावत नाहीत, सरकारचं लावतात. रसेल किंवा क्रॅडॉक शोधून काही मिळालं नाही तर 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' हे लेखकाच्या जागी घालून बघा, आणि त्याखाली सेटलमेंट खातं. संगणकाच्या यादीत नसेल तर कार्डांची जुनी कपाटं आहेत का ते विचारा, आणि दाखल रजिस्टर (आलेल्या पुस्तकांची क्रमाने नोंद) बघता येईल का तेही. जुनी पुस्तकं संगणकावर सगळ्यात शेवटी चढतात. पुस्तक नाही म्हणून परत फिरणारे लोक मी बरेच पाहिले आहेत, आणि पुस्तक आत कपाटात शांतपणे उभं असतं.

घराण्याबद्दल मराठीत काही छापलेलं असू शकतं, एखादा कुलवृत्तांत किंवा गावाची माहितीपुस्तिका. त्यासाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची मागा. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० ची मराठी पुस्तकं आहेत. एका माणसाने ग्रंथालयं पालथी घालून उभं केलेलं हे काम आहे, आणि मराठीतलं दुर्मीळ पुस्तक शोधणाऱ्याने त्याला नमस्कार करूनच पुढे जावं असं मला मनापासून वाटतं. आणखी एक जवळची वाट म्हणजे पीएच.डी.चे प्रबंध. भोसलेकाळावर किंवा मध्य प्रांतातल्या शेतसाऱ्यावर कोणी प्रबंध लिहिला असेल तर 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर शोधा, आणि आधी शेवटची संदर्भसूची उघडा. कोणत्या दप्तरातला कितवा रुमाल वापरला हे तिथे लिहिलेलं असतं. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, पुराभिलेखात याच नावाने मागायचा.)

अर्जाबद्दल. ग्रंथपालांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहा, ओळखपत्राची प्रत जोडा, ओळखीच्या प्राध्यापकाची चिठ्ठी मिळाली तर उत्तम. "स्थानिक इतिहासाचा अभ्यास" असं मोघम लिहू नका. "उमरेड तहसिलीतल्या अमुक गावाची १८६० ते १९५१ मधली मालगुजारी" असं लिहा, आणि हव्या असलेल्या पुस्तकांची नावं, सापडले असतील तर वर्गांकही (पुस्तक कपाटात कुठे आहे ते सांगणारा क्रमांक), खाली द्या. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या माणसांना जुन्या पुस्तकांची काळजी असते. नेमकं मागणाऱ्याला ते ओळखतात, आणि मग तुम्ही न मागितलेलं एखादं पुस्तकही टेबलावर आणून ठेवतात. हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे.

पुस्तक हातात आल्यावर घाई नको. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा बराच कागद लाकडाच्या लगद्याचा आहे. त्यात आम्ल असतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो इतका कोरडा पडतो की कोपरा दुमडला की तुकडाच हातात येतो. त्याहून जुना हातकागद बहुधा जास्त धडधाकट असतो. गॅझेटियरच्या शेवटी घडीचा नकाशा असेल तर पुस्तक हातात धरून तो ओढू नका. पुस्तक टेबलावर आडवं ठेवा, मागच्या पुठ्ठ्याला खालून आधार द्या आणि एकेक घडी सपाट तळहाताने उलगडा. फाटण्याची सुरुवात नेहमी दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे होते. फाटलेलं दिसलं तर पुढे न उलगडता कर्मचाऱ्यांना बोलवा. हात धुऊन कोरडे करा, हातमोजे फक्त फोटोंसाठी. कागदाला मोज्याने उलट इजा होते, कारण बोटांना पानाची जाडी कळत नाही. लिहायला पेन्सिल. पान उलटायला बोट ओलं करणं अजिबात नको.

तुमचा विषय नाही, तरी परवानगी मिळाली तर एखादी पोथी जरूर बघा. विद्यापीठाकडे हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, रामटेकच्या कालिदास संस्कृत विश्वविद्यालयातही आहे. कापड सोडलं की वरखाली दोन फळ्या, मध्ये सुटी लांबट पानं. चुकलेल्या अक्षरावर हरताळ (पिवळा खनिज रंग) फासून तिच्यावर नवं अक्षर लिहिलेलं, वाक्याच्या शेवटच्या उभ्या दंडांवर गेरूचा लाल हात फिरवलेला. शेवटच्या पानावर नकलणारा आपलं नाव, गाव, शक, तिथी लिहितो आणि पुढे विनवतो की जसं पाहिलं तसं लिहिलं, दोष मला देऊ नये. कीलहॉर्नने १८७४ मध्ये आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये या प्रांतातल्या हस्तलिखितांच्या याद्या नागपुरात छापून घेतल्या. त्या काळच्या अशा याद्यांत पोथी कोणाच्या घरी आहे हे लिहिण्याची रीत होती. जुन्या घराण्याचा शोध घेताना तिथेही एक नजर टाका.

घरच्या मोडी कागदांचं आधी एवढंच करा: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, स्टेपल असतील तर हळूच काढा आणि धुतलेल्या सुती कापडात सपाट ठेवा. मोडी वाचायला शिकता येतं. पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं, आणि रोज तासभर दिला तर काही महिन्यांत ओळी सुटायला लागतात. तारीख मात्र आजच वाचून बघा, कारण तिच्यावरून कागद कोणत्या राजवटीचा ते ठरतं. भोसलेकालीन कागदात बहुधा अरबी अंकशब्दांत सुहूर सन (मराठी कागदांतली जुनी कालगणना) असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतर ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच ११६१ मध्ये पडते. ताळा असा जमतो. फसली सन (साऱ्याच्या हिशेबाचं वर्ष) असेल तर जपून. दख्खनी फसलीत साधारण ५९० मिळवतात, उत्तरेकडच्या फसलीत ५९२, आणि नागपूर या दोन्ही प्रदेशांच्या मधे पडतं, त्यामुळे कोणती धरायची हे आपोआप ठरत नाही. कागदात शक, हिजरी महिना किंवा इसवी तारीख कुठे असेल तर तिच्याशी पडताळूनच वर्ष नक्की करा.

फोटो काढू दिले तर फ्लॅश बंद ठेवा, आणि प्रत्येक फोटोत कोपऱ्यात एक चिठ्ठी ठेवा: संस्थेचं नाव, वर्गांक किंवा रुमाल क्रमांक, पान. सहा महिन्यांनी फोनमधल्या शेकडो पिवळ्या पानांतून एक शोधताना या चिठ्ठीशिवाय दुसरा आधार नसतो. पुढे काही छापणार असाल तर संस्थेची लेखी परवानगी घ्या. पुस्तकांबाबत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि सरकारी प्रकाशनांबाबत प्रकाशनानंतर ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो, म्हणजे वर सांगितलेली गॅझेटियरं मोकळी आहेत. त्यांतली काही इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेली सापडतात. तिथे आधी वाचून, गावाचं नाव त्या काळी कसं लिहीत ते वहीत टिपून मगच ग्रंथालयात जा. रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज लिहिताना गावाचं तेच नाव, परगणा, तहसील आणि बंदोबस्ताचं वर्ष एवढं घाला.