वाचकांचे प्रश्न : हॉलीहॉक

प्रश्न : हॉलीहॉकच्या खालच्या पानांवर पिवळे ठिपके आले आणि पाने एकेक करून वाळत वर चालली आहेत. झाड काढून टाकू का?

आधी पान उलटे करून पाहा. वरच्या ठिपक्याच्या नेमके खाली राईपेक्षा बारीक, नारिंगी-तपकिरी, हाताला खरखरीत लागणारे फोड असतील तर हा तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग आहे. हॉलीहॉकचा हा नेहमीचाच पाहुणा. झाड उपटायची गरज नाही. काही तांबेऱ्यांना जगायला दोन वेगवेगळ्या जातींची झाडे लागतात, याचे सगळे चक्र एकाच झाडावर पुरे होते. म्हणून बुंध्याशी राहिलेली जुनी पाने हेच पुढच्या वर्षीच्या रोगाचे बियाणे.

डागी पाने देठासकट खुडा आणि बागेबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. बुंध्यापासून फूटभर उंचीपर्यंतची पाने निरोगी असली तरी विरळ करा, म्हणजे हवा खेळते. पाणी सकाळी आणि मुळाशीच. झारीने पाने भिजवली की बुरशीच्या बीजाणूंना रुजायला हवा तो ओलावा आपणच पुरवतो. दोन रोपांत किमान 45 सेंमी अंतर हवे. आसपास माल्व्हाचे (हॉलीहॉकच्याच कुळातले) रानटी झुडूप असेल तर तेही काढा, त्यावरही हाच तांबेरा वाढतो.

फवारणीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूने, दर 10 दिवसांनी. मात्र ते नव्या पानांना वाचवते. आलेले फोड बरे करत नाही. भर उन्हात फवारले तर पाने भाजतात.

प्रश्न : बी पेरून वर्ष होत आले, पाने तळहाताएवढी झाली, पण दांडा निघालाच नाही. खत कमी पडले का?

नाही. हॉलीहॉक बहुधा दुसऱ्या वर्षी फुलते. पहिल्या वर्षी ते जमिनीलगत पानांचा घेर धरते आणि गाजरासारखे सोटमूळ खोल सोडते. त्या साठ्यावर पुढे माणसाच्या डोक्यावर जाणारा दांडा उभा राहतो. आता नत्राचे खत वाढवलेत तर पाने माजतील, दांडा लुसलुशीत होईल आणि पहिल्या वाऱ्यात आडवा पडेल. दिवसाला सहा तास ऊन आणि निचऱ्याची जमीन असेल तर थांबा. जागा मात्र बदलू नका, सोटमूळ तुटले की झाड महिनोन्महिने रुसते. हलवायचेच तर चार-पाच पानांचे असताना, मातीच्या गोळ्यासकट. पहिल्याच वर्षी फुलणारे वाणही मिळतात, पण त्यांची पेरणी हंगामाच्या सुरुवातीलाच करावी लागते.

प्रश्न : गडद लाल फुलांचे बी धरले, रोपांना फुले आली गुलाबी. बी बदलले असेल का?

बी तेच, बाप वेगळा! मधमाश्या शेजारच्या रंगाचे पराग आणतात. रंग राखायचा तर कळी उमलण्याआधीच तिला मलमलची पिशवी बांधा, फुलल्यावर त्याच झाडाचे पराग ब्रशने लावा आणि पिशवी पुन्हा बांधा. फळ चकतीसारखे असते, आत चपट्या बिया गोल रचलेल्या. आवरण कागदासारखे वाळून बिया तपकिरी झाल्या की काढा. हिरवट बी डबीत बुरशी धरते. पेरताना अर्धा ते एक सेंमी खोल, त्याहून जास्त नको.