बॅगेचे बंद गुडघ्यापर्यंत आले, आता काय?

या वेळच्या टपालात स्वेटर नाहीत, टोप्या नाहीत, फक्त बॅगाच बॅगा. ग्रॅनी स्क्वेअरची, म्हणजे क्रोशाने मधून बाहेर फेऱ्या विणत केलेल्या जाळीदार चौकोनांची, मोठी प्रवासी बॅग करायचं सगळ्यांनी एकाच महिन्यात ठरवलेलं दिसतंय. त्यातलं सगळ्यात दुःखी पत्र आधी घेते.

ताई, चौकोन जोडून मोठी बॅग केली. जाड सुती दोरा, 32 चौकोन, अडीच महिने खपले. रिकामी होती तोवर बघेल तो कौतुक करत होता. पहिल्याच प्रवासाला कपडे भरून खांद्याला लावली आणि मुक्कामी पोचेपर्यंत ती गुडघ्याला आपटायला लागली. तळ पोटासारखा सुटलाय. बंदसुद्धा विणलेलेच आहेत, आठ खांबांची, म्हणजे क्रोशाच्या आठ उंच टाक्यांची, पट्टी. सगळं उसवू का?
*– अडीच महिन्यांची धनीण*

अजिबात उसवू नका. चौकोनांचा यात काही दोष नाही. त्यांच्याकडून तुम्ही हमालाचं काम करून घेतलंत, एवढंच.

माझी पहिली बॅग तर तुमच्यापेक्षाही वाईट निघाली. अस्तर लावलंच नव्हतं, कारण अस्तराने जाळी झाकली जाईल असं मला वाटलं. जाळी छान दिसली, खरंच. मग एका कोपऱ्यातून टूथब्रश डोकावला, त्याच्यामागून कंगवा, आणि शेवटी मागून येणाऱ्या एका अनोळखी बाईंनी माझ्या हातात माझाच मोजा आणून दिला. त्या दिवसापासून अस्तराशिवाय मी फक्त टॉवेलची पिशवी विणते.

आता ताणल्याचं कारण. विणकाम म्हणजे फासात अडकवलेला फास. वजन लागलं की गोल फास लांबट होतो, आणि खांब जितका उंच तितकी त्याला वाढायला जागा जास्त. जाड दोऱ्यात खांबाची एक ओळ साधारण सव्वा सेंटिमीटर उंच भरते. 90 सेंटिमीटरच्या बंदात अशा 72 ओळी होतात. प्रत्येक ओळ नुसती 3 मिलिमीटर ताणली तरी बंद साडेएकवीस सेंटिमीटरनी वाढला. त्यात सुती दोऱ्याला लोकरीसारखी परत आखडायची सवय नसते. गेला तो गेला.

म्हणून वजन चौकोनांवर यायलाच नको. ते अस्तरावर आणि निवारीच्या पट्ट्यावर यावं. चौकोनांनी बाहेरून फक्त मिरवावं. असं करा:

बॅग सपाट जागी ठेवा, ओलसर करून हाताने मूळ मापाला आणा आणि पूर्ण वाळू द्या. मग मोजा. अडीच महिन्यांपूर्वी कागदावर काय माप होतं ते विसरा, आत्ताचं घ्या. अस्तराला कॅनव्हास किंवा ड्रिलसारखं घट्ट विणीचं कापड घ्या. कापायच्या आधी ते एकदा धुवा, नाहीतर पुढे अस्तर आटेल आणि बॅग चुरगळेल. शिवून तयार झालेलं अस्तर बॅगेपेक्षा सगळीकडून सेंटिमीटरभर लहान हवं. हे वाचून बहुतेकींना वाटतं की छापताना चूक झाली. चूक नाही. अस्तर मोठं झालं तर त्याला ताण बसायच्या आधी चौकोनांना बसतो, आणि आपण पुन्हा जिथल्या तिथे. अस्तर लहान असलं की सामान त्याला टेकतं आणि बाहेरची वीण निवांत राहते.

पट्टा दोन तुकड्यांत कापून तोंडाशी शिवू नका. बऱ्याच तयार नमुन्यांत तसंच दाखवतात आणि तिथूनच बॅगा फाटतात. एकच लांब पट्टा घ्या. तो पुढच्या बाजूने वर जाऊ दे, तिथे हातात धरायचा बंद होऊ दे, पुन्हा पुढच्याच बाजूने खाली, तळाखालून मागे, मागच्या बाजूने वर, दुसरा बंद, खाली, आणि तळाखालून सुरुवातीला येऊन मिळू दे. बॅग 45 लांब, 30 उंच, 30 रुंद असेल तर चार उभ्या धावा 30 च्या म्हणजे 120, तळाखालून दोनदा 30 म्हणजे 60, आणि 50-50 चे दोन बंद. झाले 280. टोकं एकमेकांवर चढवायला थोडा जास्त धरा, तीन मीटर आणा. बंद खांद्याला लावायचे असतील तर दोन्ही 70 चे धरून हिशेब वाढवा. टोकांचा जोड तळाखाली येऊ दे, वर कधीच नको. पट्टा अस्तराच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे अस्तर आणि चौकोन यांच्यामध्ये, मशीनवर दोन्ही कडांनी टीप मारून बसवा. तोंडाच्या खाली जिथे पट्टा सुटून बंद होतो तिथे एक चौकट शिवा आणि चौकटीत फुली मारा. ही फुली विसरू नका.

आणि तुमचे ते आठ खांबांचे बंद? तेवढे मात्र उसवा. त्याच दोऱ्याने मुक्या खांबांची, म्हणजे बुटक्या घट्ट टाक्यांची, पट्टी विणून ती निवारीभोवती गुंडाळून शिवा. हाताला मऊ लागेल, आणि ओझं आतली निवार उचलेल.

तळाला जाड प्लॅस्टिकचा तक्ता, चारी बाजूंनी सेंटिमीटरभर लहान, कोपरे गोल केलेला. पुठ्ठा घालू नका. एकदा ओला झाला की त्याचा लगदा होतो. तक्त्याला अस्तराच्याच कापडाचा अभ्रा करा, म्हणजे बॅग धुताना काढता येईल.

चेन अस्तराला लावा, चौकोनांना नाही. चेनचे दात आणि सगळ्यात जवळचा टाका यांच्यामध्ये निदान सेंटिमीटरभर कापड दिसायला हवं. नाहीतर गाडी सुटायच्या वेळेलाच तुमची खांबांची ओळ चेनमध्ये अडकणार.

मी अजून सुरुवात केलेली नाही. किती चौकोन लागतील आणि किती दोरा आणू, हे आधी कसं कळेल? मागच्या वेळी शालीला दोरा कमी पडला आणि तोच रंग पुन्हा मिळालाच नाही.
*– पोळलेली*

बॅग म्हणजे खोकं. सहा बाजू कागदावर मांडा. चौकोन 15 सेंटिमीटरचा धरला आणि बॅग 45 × 30 × 30 ची, तर पुढे 6, मागे 6, तळाला 6, वर 6, आणि दोन टोकांना 4-4. झाले 32. वरच्या पत्रातल्या धनीणबाईंचे 32 इथूनच आले असणार. खोक्याच्या हिशेबाने यात चाळीस लिटर सामान मावतं. वरच्या 6 चौकोनांऐवजी मी चेनच्या दोन्ही बाजूंना मुक्या खांबांची सपाट पट्टी विणते. दिसायला साधी, पण चेन सरळ बसते.

माप असं निवडा की तिन्ही बाजूंना चौकोनाच्या मापाने पूर्ण भाग जाईल. अर्धे चौकोन, म्हणजे तिरके त्रिकोण, विणता येतात, पण पहिल्याच बॅगेत त्या फंदात पडू नका.

दोऱ्यासाठी एक चौकोन विणा आणि काट्यावर ठेवा. माझा सहा फेऱ्यांचा चौकोन जाड सुती दोऱ्यात 11 ग्रॅम भरला. 32 चे 352 ग्रॅम. जोडकाम, कड आणि बंदांचं आवरण धरून मी 500 आणले आणि जेमतेम एक मुठीएवढा गुंडा उरला. पण माझा हात घट्ट आहे. तुमचा सैल असेल तर तुमचा चौकोन वजनदारही होईल आणि मोठाही, म्हणून माझा आकडा उचलू नका, काटा वापरा. स्वयंपाकघरातला चालतो, एक चौकोन नीट दाखवत नसेल तर चार एकदम ठेवा आणि चाराने भागा.

शिवाय चार चौकोन जोडून पुन्हा मोजा. मुक्या खांबांनी जोडलं की प्रत्येक सांध्याला थोडी वाढ होते, आणि तीन चौकोनांची रांग 45 ची न राहता 46-47 होते. त्याने बिघडत काही नाही, फक्त अस्तर कापायच्या आधी ते माहीत हवं. जोडताना दोन्ही चौकोनांच्या कडेच्या टाक्यांचे दोन्ही धागे उचला. नुसते मागचे धागे उचलले तर सांधा देखणा दिसतो, पण ओढ लागली की तोंड उघडतो. शालीला चालेल.

क्रोशाची सुई दोऱ्याच्या वेष्टनावर सांगितलीय त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक घ्या. 4 सांगितली असेल तर साडेतीन. मनगट थोडं कुरकुरेल, पण बॅगेला ताठपणा येतो. आणि जाळी नकोच असेल तर भरीव चौकोन विणा: तीन-तीन खांबांचे झुबके न करता प्रत्येक खांबावर खांब, कोपऱ्यात दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. दोरा बराच जास्त लागेल. काटा पुन्हा काढा.

दर फेरीला रंग बदललाय. आता सगळ्या चौकोनांची मिळून इतकी टोकं लोंबतायत की बॅग आहे की झालर तेच कळत नाही. अस्तर लावणारच आहे, तर टोकं कापून टाकू का?
*– झालरवाली*

सहा फेऱ्या, फेरीला दोन टोकं, म्हणजे चौकोनाला 12. तुमचेही 32 असतील तर 384. तुमच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतंय.

तरी कापू नका. अस्तराने टोकं दिसायची थांबतात, निसटायची नाही. गाठ मारून कापलेलं टोक बॅग चार वेळा आपटली की सुटतं, आणि मधली फेरी सुटली तर अख्खा चौकोन गेला. टोक सुईत ओवून झुबक्यांच्या आतून एका दिशेला न्या, एक धागा सोडून उलट दिशेला आणा, पुन्हा पहिल्या दिशेला. असं तीनदा नेलं की ते जागचं हलत नाही. यासाठी टोक 15 सेंटिमीटरचं हवं. तुम्ही आखूड ठेवली असतील तर आधी रिकामी सुई टाक्यांतून अर्धी घाला आणि मग आखूड टोक नेढ्यात ओवा.

उरलेल्या चौकोनांना नव्या रंगाची फेरी सुरू करतानाच दोन्ही टोकं खांबांच्या खाली धरून विणत जा. आणि एका बैठकीत 384 करायला बसू नका. मी रोज तीन चौकोनांची टोकं लपवते आणि उठते.

माझे चौकोन सपाट ठेवले तरी किंचित फिरलेले दिसतात. कोपरे एका बाजूला कलतात.
*– कलती*

दर फेरी एकाच बाजूने विणल्यामुळे. खांब आपल्या जागेच्या जरासा बाजूला बसतो आणि फेरीगणिक ते साठत जातं. दर फेरी संपली की काम उलटवा आणि पुढची फेरी मागच्या अंगाने विणा. कल जिथल्या तिथे फिटतो. झालेले चौकोन ओले करून, पुठ्ठ्यावर 15 चा चौकोन आखून, टाचण्यांनी ताणून वाळवा. बहुतेक सरळ होतील. फार हट्टी असतील ते तळाला लावा.

एका परदेशी नमुन्यात सगळीकडे ‘डबल’ लिहिलंय. तसं विणलं तर चित्रापेक्षा निम्म्या उंचीचा, ढालीसारखा ताठ चौकोन होतोय. मी चुकतेय का?
*– ढालवाली*

तुम्ही नाही, समुद्र चुकलाय. एकच शब्द दोन किनाऱ्यांवर दोन अर्थांनी वापरतात. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे आपला खांब. ब्रिटिश ‘डबल’ म्हणजे आपला मुका खांब, ज्याला अमेरिकेत ‘सिंगल’ म्हणतात. आपल्या खांबाला ब्रिटिश नमुन्यात ‘ट्रेबल’ म्हणतात. तुमचा नमुना अमेरिकन आहे आणि तुम्ही तो ब्रिटिश पद्धतीने वाचताय.

ओळखायचं कसं? कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसला तर नमुना अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश नमुन्यांत तो शब्द नसतो. ग्रॅनी स्क्वेअरमध्ये तीन-तीनच्या झुबक्यांना ‘ट्रेबल’ लिहिलं असेल तर ब्रिटिश. काहीच कळलं नाही तर चित्रातले झुबके बघा: सुरुवातीच्या तीन साखळ्यांच्या उंचीचे असतील तर तो खांब. आणि तुमची ती ढाल फेकू नका. तीन-चार केल्या असतील तर बॅगेच्या आतला खिसा होईल. खिसा ताठच लागतो.

ॲक्रिलिकच्या लोकरीचे चौकोन इस्त्री करून सपाट केले तर चालेल का?
*– घाईतली*

इस्त्री टेकवलीत तर लोकर वितळून चमकायला लागेल, लुळी पडेल आणि मग कशानेच पूर्ववत होणार नाही. वाफेची इस्त्री दोन बोटं वर धरून नुसती वाफ सोडा, चौकोन टाचण्यांत अडकवलेला असताना, आणि पूर्ण थंड होईपर्यंत टाचण्या काढू नका. आधी एकाच चौकोनावर करून बघा. जो तुम्हाला सगळ्यात कमी आवडतो, त्याच्यावर.