नवीन लिफ्ट इन्स्पेक्टरला, आधी दरवाजा बघ

अभिनंदन रे मनापासून! पहिलं सांगतो, आपल्याकडे महाराष्ट्रात लिफ्ट तपासणी महापालिकेकडे नाही, राज्याच्या विद्युत निरीक्षकांकडे असते, आणि १९३९ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१७ चा आलाय, त्यात एस्केलेटर पण आलेत, तो नीट वाचून काढ. बाकी शिकशील हळूहळू.

लोकांना दोर तुटायची भीती असते, पण दोर एक नसतो, अनेक असतात, शिवाय गव्हर्नर (वेग वाढला की ओळखणारा) आणि सेफ्टी गिअर (लिफ्टला रुळांवर पकडून थांबवणारा) असतात. माणसं दगावतात ती जास्त करून दरवाज्याशी. म्हणून प्रत्येक मजल्यावर लॉक हाताने ओढून बघ, आणि मशीनरूममध्ये कंट्रोलर, म्हणजे लिफ्ट चालवणारी विजेची पेटी, उघडायला लावच. एका जुन्या सोसायटीत मला आत बोटभर लाल वायर दिसली, दोन टर्मिनलमध्ये घुसवलेली, म्हणजे डोअर लॉकचं सर्किट बायपास, दार उघडं तरी लिफ्ट चालणार. मेकॅनिक म्हणाला साहेब कालच टाकली, पण वायरवर धूळ महिन्यांची होती. तिथल्या तिथे लिफ्ट बंद केली, सेक्रेटरी चिडले, आजी-आजोबांना जिने चढावे लागले त्याचं वाईट वाटलं पण चालू ठेवली नाही.

पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, उतरायच्या आधी स्टॉप स्विच दाबायचा, टेस्ट करायचा, मगच पाय खाली. कितीही घाई असू दे.

एस्केलेटरला कोंबचे, म्हणजे पायऱ्या आत जातात तिथल्या कंगव्यासारख्या पट्टीचे, दात मोज, आणि पायरी व बाजूच्या पत्र्यात एका बाजूला ४ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, लहान पोरांच्या रबरी चपला तिथेच ओढल्या जातात.