मेलबर्नला शिकवायला येताय? आधी ‘समजलं काय?’ विचारणं सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायकोला मेलबर्नमध्ये नर्सची नोकरी लागलीय, मागोमाग तुम्ही येणार. कोल्हापुरात आयटीआयला ११ वर्षं टर्नर ट्रेड शिकवलाय, तर इथं तेच काम मिळेल का आणि येताना काय शिकून यावं? मी शिरोली एमआयडीसीत लेथवर उभा राहिलो, मग तुमच्यासारखाच शिकवायला लागलो आणि २०१५ साली इकडं आलो. व्हिसाचं तेवढं जाणकाराला विचारा, बाकीचं सांगतो.

कागदाचं आधी उरकू. टेफमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेत, किंवा खासगी संस्थेत ट्रेड शिकवायचा तर ‘सर्टिफिकेट फोर इन ट्रेनिंग अँड असेसमेंट’ लागतं. सगळे त्याला टीएई म्हणतात. सध्याचा कोड टीएई४०१२२, युनिट, म्हणजे अभ्यासक्रमाचे भाग, १२, त्यातली ६ सक्तीची. शिवाय जे शिकवणार, निदान त्या पातळीची ट्रेडमधली पात्रता हवी, आणि हात आजच्या कामावर चालतो याचा पुरावा हवा. हे शेवटचं आपली माणसं विसरतात. तुम्ही ११ वर्षं अनुभव म्हणून सांगाल, समोरचा त्याचा हिशेब ११ वर्षं कारखान्यापासून लांब असा लावेल. म्हणून सुट्टीत गोकुळ शिरगावात कुणा ओळखीच्याकडं महिनाभर सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, उभं राहा. कोणतं मशीन, कोणतं काम, किती तास, हे लेटरहेडवर लिहून घ्या. ‘वर्तणूक उत्तम’ असल्या दाखल्याला इथं कोण विचारत नाही.

आता खरं दुखणं. टीएईच्या वर्गात मला शिकवण्याचं प्रात्यक्षिक द्यायचं होतं. मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घेतला, २० मिनिटं दणकून बोललो, मधे चार वेळा ‘समजलं का?’ विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. परीक्षकबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एकाच्या हातात व्हर्नियर आणि जॉब, म्हणजे मोजायचा धातूचा तुकडा, दिला आणि म्हणाल्या, माप घे. त्याला जबडा कुठं लावायचा तेही कळेना. आपल्याकडं ‘समजलं काय रे?’ आणि ‘व्हय सर’ यावर अख्खा तास निघतो. इथं तुम्ही शिकवलं की नाही याला किंमत नाही, त्याला आलं का ते दाखवा म्हणतात.

मार्कही नाहीत. माणूस ‘कॉम्पिटंट’ किंवा ‘नॉट येट कॉम्पिटंट’. ३५ मार्कांवर ढकलून पास करायची सोय नाही, आणि नापास असा शिक्काही नाही, जमलं नाही तर पुन्हा करून दाखवायचं. तुमच्या निर्णयामागं पुरावा लागतो: तो युनिटला धरून आहे का, पुरेसा आहे का, त्याचा स्वतःचाच आहे का, आणि ताजा आहे का. मी पहिल्या वर्षी यात मार खाल्ला. पोरगं उत्तम थ्रेड कापायचं, पण मी काय बघितलं ते लिहूनच ठेवलं नव्हतं.

शिकायला येणारे मात्र पोरंच असतात असं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये फोर्डचा ब्रॉडमेडोजचा कारखाना बंद झाला, पुढच्या ऑक्टोबरात टोयोटाचा आल्टोनाचा. त्यानंतर माझ्या वर्गात पन्नाशीची माणसं आली. यातल्या कित्येकांना शिकवायचं नसतंच, आधीपासून येतंय ते ओळखून मान्य करायचं असतं. त्याला आरपीएल म्हणतात. जॉबकार्ड बघायचं, सुपरवायझरशी बोलायचं, मशीनपाशी उभं राहून गप्पा मारायच्या. माणूस टूल कसं धरतो यावरूनच निम्मं कळतं, हे तुम्हाला सांगायला नको.

त्यातले एक गृहस्थ कागद समोर आला की म्हणायचे, चष्मा घरी राहिला. तिसऱ्या दिवशी मी हौसेनं ऑफिसातला चष्मा आणून सगळ्यांसमोर त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, पानाकडं बघत बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. माझी आत्या महाद्वार रोडच्या बँकेत स्लिप भरायच्या वेळी हेच म्हणायची. चष्मा तिला कधी लागलाच नव्हता. आणि तरी मला कळलं नाही.

फोन केला, माफी मागितली, नवव्या दिवशी ते परत आले. मग भाषा-गणिताचा आधार देणाऱ्या सहकारीबाई त्यांच्याबरोबर बसू लागल्या. इथं वाचन, लेखन, बोलणं, आकडेमोड आणि शिकण्याची सवय अशी पाच कौशल्यं वेगवेगळी मोजतात. त्यामुळं वाचनात मागं असलेला माणूस आकड्यात पुढं असू शकतो, हे कागदावर दिसतं. त्या युनिटला लेखी उत्तराची सक्ती नव्हती, म्हणून मी प्रश्न वाचून दाखवले, त्यांनी तोंडी उत्तरं दिली. सवलत विचारण्याच्या पद्धतीत. मापाचा टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ०.०२ मिलिमीटर होता, तो ०.०२ च राहिला.

म्हणून इंग्रजी उच्चारांच्या क्लासला पैसे घालू नका. त्यापेक्षा रविवारी एखाद्या कामगाराला मायक्रोमीटर शिकवा, पण तोंड मिटून, नुसतं दाखवून, आणि मग त्याच्याकडून तीन वेगळे जॉब मोजून घ्या. फोनवर रेकॉर्ड करून स्वतः बघा. मधे किती वेळा त्याच्या हातातून मायक्रोमीटर काढून घेतलात ते मोजा. माझं पहिल्यांदा सात वेळा झालं होतं.