कॉलेजच्या मुलांना अरबी बोलायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची मुलं अरबी वाचतात, क्रियापदांची रूपं घडाघडा म्हणतात, पेपरात गुणही मिळवतात, पण समोर अरब माणूस आला की तोंड उघडत नाहीत. मी पणजीत कॉलेजच्या मुलांना अरबी शिकवते. त्याआधी काही वर्षं कुवेतला नोकरी केली. तुमच्या मुलांचं जे होतंय ते माझंही झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कुवेतला पहिल्याच आठवड्यात काउंटरवर आलेल्या एका बाईंनी हसून विचारलं, "शलोनिच?" मला त्यातला 'लौन', म्हणजे रंग, एवढाच शब्द ओळखू आला. त्या 'कशी आहेस' असं विचारत होत्या. मला शिकवलेलं वाक्य होतं 'कैफ हालुकि'. पुस्तकातली अरबी, म्हणजे फुसहा, आणि घराबाजारात बोलली जाणारी आम्मिया यांत एवढं अंतर असतं हे मला वर्गात कोणी सांगितलंच नव्हतं. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959 साली भाषेच्या या दुहेरी संसाराचं जे वर्णन केलं, त्यात अरबी हे एक ठळक उदाहरण होतं.

गोव्यातल्या मुलांना हे समजावणं सोपं जातं. घरात कोंकणी, सकाळी हातात मराठी पेपर, अशी त्यांची सवय असते. त्या दोन वेगळ्या भाषा आहेत आणि अरबीत एकाच भाषेची दोन रूपं आहेत, पण प्रसंग पाहून बोली बदलायची कला मुलांना आधीपासून येते. म्हणून मी वाचन-लेखन फुसहात ठेवते आणि तिसऱ्या आठवड्यापासून बोलण्यात आखाती बोली आणते. 'मला हवंय' हे फुसहात 'उरीदु', कुवेतला 'अबी'. 'आता' म्हणजे 'अल्-आन', तिकडे 'अल्हीन'. इजिप्तची बोली सिनेमांमुळे सगळीकडे समजते, तरी इथल्या मुलांचे मामा-काका कुवेत, बहरीन, दुबईत आहेत, त्यामुळे मी आखातीच निवडते. तुमची मुलं कुठे जाणार आहेत ते बघून तुम्ही ठरवा, पण एकच बोली धरा. दोन बोलींची खिचडी झाली की मूल दोन्हींत अडखळतं.

मराठी आपल्याला किती मदत करते, हे बहुतेक शिक्षक वापरतच नाहीत. अरबीत 'तू गेलास' आणि 'तू गेलीस' यांना वेगळी रूपं आहेत, 'झहब्त' आणि 'झहब्ति'. इंग्रजीतून शिकवलं तर यावर अर्धा तास जातो, मराठीतून दोन मिनिटं. पंचवीसला अरबीत 'खम्सा व इश्रून', पाच आणि वीस, आपल्यासारखंच. अरबीत दोनासाठी वेगळं द्विवचन असतं, पण शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलांना त्याची भीती वाटत नाही. दुकान, हिशेब, सवाल, जवाब हे शब्द तर घरचेच. मात्र फसवे शब्द पहिल्या महिन्यातच सांगून टाका. अरबीत 'गरीब' म्हणजे परका किंवा विचित्र, 'तक्रार' म्हणजे पुनरावृत्ती. वकिलाला तिकडे 'मुहामी' म्हणतात, 'वकील' हा प्रतिनिधी.

उच्चारात मात्र देवनागरी घात करते. उन्हाळा आणि तलवार दोन्ही आपण 'सैफ' लिहिणार, पण अरबीत त्यांचे स वेगळे आहेत. काळीज आणि कुत्रा हे दोन्ही शब्द आपण 'कल्ब' लिहिणार, पण अरबीत त्यांचे क वेगळे आहेत. गंमत म्हणजे कुवेती बोलीत हा घोळ आपोआप सुटतो: काळीज 'गल्ब' होतं आणि कुत्रा 'चल्ब', चिमणीतला च. वह्यांत देवनागरीत उच्चार लिहिणं मी दुसऱ्या आठवड्यानंतर बंद करते. मुलं कुरकुरतात, पण अठ्ठावीस अक्षरं तोवर बसलेली असतात.

आता मुख्य गोष्ट. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल तर ते संभाषण होत नाही. "हे काय आहे?" "हे पुस्तक आहे." दोघांनाही पुस्तक दिसतंय, मग बोलायचं कशाला? मी वर्गात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भरवते. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर त्याची शेवटची किंमत, घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर खिशातले पैसे. दोघांनी एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. दर दीनारमध्ये. एका कुवेती दीनारचे 1000 फिल्स, त्यामुळे आकड्यांचा सराव आपसूक होतो. "बिकम?", म्हणजे केवढ्याला, याने सुरुवात होते आणि पाच मिनिटांत वर्गात बाजारासारखाच गलका होतो. पुढच्या वेळी पणजीचा नकाशा: एकाकडे नावांसकट, दुसऱ्याकडे कोरा. कदंब बसस्थानकापासून फोंतेन्हास या जुन्या वस्तीपर्यंत 'यमीन' (उजवीकडे), 'यसार' (डावीकडे) करत पोचवायचं.

या खेळांआधी अडल्यावर वापरायची वाक्यं पाठ करून घ्या. 'मा फहिम्त', म्हणजे समजलं नाही. 'मर्रा सानिया', पुन्हा एकदा. मुलं गप्प बसतात ती शब्द कमी पडतात म्हणून नव्हे, तर न समजल्याचं कसं सांगायचं ते माहीत नसतं म्हणून. तसंच अभिवादनाची जोडी पक्की हवी: 'सबाह अल्-खैर' (शुभ सकाळ) म्हटलं की उत्तर 'सबाह अन्-नूर'. उत्तराचा अर्धा भाग आला नाही तर समोरच्याला आपण तुटक वाटतो. बोलत असताना चुका काढू नका. मी कागदावर टिपून ठेवते आणि शेवटच्या पाच मिनिटांत नाव न घेता सांगते.

आणि हे सगळं लेखी परीक्षेपुढे वाया जातं. मुलं ज्याला गुण असतात तेच शिकतात. अंतर्गत गुणांतले निम्मे तोंडीला ठेवण्यासाठी विभागाशी भांडावं लागलं तरी भांडा. माझी तोंडी परीक्षा प्रत्येकी पाच मिनिटांची असते. मी हॉटेलात उतरलेली पाहुणी होते, खोलीतलं काहीतरी बिघडलेलं असतं, काय ते मुलाला आधी सांगत नाही. त्याने विचारून काढायचं. 'मा फहिम्त' म्हणून पुन्हा विचारलं तर मी त्याचे गुण कापत नाही, वाढवते.