नडगी, कान, पाळी, गुडघे : कसून मेहनत करणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : वय २२. पोलीस भरतीसाठी दोन महिन्यांपासून रोज पहाटे बायपासच्या डांबरी रस्त्यावर १२ किलोमीटर पळतो. आधी पळायची सवय नव्हती. महिन्याभरापासून नडग्या दुखतात, उजवी जास्त. डायक्लोफेनॅकची गोळी घेऊन ग्राउंड मारतो. घरचे म्हणतात, चाळिशीत गुडघे जातील. (एक वाचक, गेवराई)

उत्तर : आधी गुडघ्यांचं. नुसत्या पळण्याने धडधाकट गुडघे झिजत नाहीत. लवकर झिजतो तो दुखापत झालेला गुडघा. कबड्डीत पाय पिळवटून आतलं लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) तुटलं, गादी फाटली, तर अशा साधारण निम्म्या गुडघ्यांत पुढच्या १० ते २० वर्षांत झीज दिसते. तुमचा धोका सध्या नडगीत आहे.

हाडावर नवा भार पडला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवं हाड भरतं. पोखरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीनेक महिने लागतात. म्हणजे दम वाढल्यासारखा वाटतो त्याच दिवसांत हाड सगळ्यात कच्चं असतं. तुम्ही शून्यावरून एकदम आठवड्याला ८४ किलोमीटरवर गेलात.

नडगीच्या आतल्या कडेवर एका बोटाने वरून खाली दाबत या. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल तर बहुधा हाडावरच्या आवरणाला सूज आहे. पण रुपयाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याचा संशय धरा आणि पळणं त्याच दिवशी बंद करा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे कोरा येऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. एमआरआयमध्ये तडा कळतो. तडा असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे पळायचं नाही. तोवर दम टिकवायला सायकल चालवा, पोहता येत असेल तर पोहा. गोळी घेऊन पळत राहिलात तर तडा आरपार जाऊ शकतो. शिवाय घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा खेळ फार महागात पडतो.

परत सुरुवात करताना एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला, असं सहा वेळा, एक दिवस आड. चालताना दुखत नसेल तरच. मग आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा. पिंढरीसाठी पायरीच्या कडेवर एका पायाने टाच वर-खाली, १५ चे तीन फेरे. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने पळालात तर एका पायावर ताण जास्त येतो. शक्य असेल तर शाळेच्या मैदानावर पळा. भेगाळलेल्या काळ्या रानात नको, घोटा मुरगळतो. बूट ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदला.

आणि भरतीतल्या १६०० मीटर धावण्यासाठी रोजचे १२ किलोमीटर लागतच नाहीत. आठवड्यात दोन दिवस ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या, एक दिवस सावकाश लांब पळणं, मधे विश्रांती. वेळ याने जास्त सुधारते.

प्रश्न : कुस्ती खेळताना कान फुगला. वस्ताद म्हणतात, पैलवानाची खूण आहे, राहू दे. (वय १७, पाटोदा)

उत्तर : राहू देऊ नका. कानाच्या कुर्चेला (कानाला आकार देणाऱ्या मऊ, लवचिक हाडाला) रक्त वरच्या आवरणातून मिळतं. मधे रक्त साचून आवरण सुटलं की कुर्चा मरते आणि त्या जागी कान वेडावाकडा, कडक होतो. दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा डॉक्टरांकडून रक्त काढून घ्या आणि दाबपट्टी बांधून घ्या. घरी सुई टोचू नका, कुर्चेत पू झाला तर कानाचा आकारच जातो. नंतर कानाचं संरक्षक घालूनच सराव.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, लांब पल्ल्याची धावपटू. पाच महिने पाळी आलेली नाही. प्रशिक्षक म्हणतात, खेळाडू मुलींचं असं चालतंच. (एक आई, लातूर)

उत्तर : ताई, हे चालवून घेऊ नका. तीन महिने पाळी चुकली की तपासणी हवीच. मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन (हाड टिकवणारं स्त्री-संप्रेरक) घटतं आणि हाड भरायच्या वयातच हाड विरळ होतं. ही तूट पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आधी गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन तपासतील. हे नेहमीचंच आहे, मुलीवर संशय म्हणून घेऊ नका. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासा. पाय दुखत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

गोळ्यांनी पाळी येईल, पण त्याने हाड भरत नाही. भरतं ते जेवणाने. रोजच्या जेवणावर एक ज्वारीची भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि ग्लासभर दूध वाढवा. सुमारे ५०० कॅलरी होतात. उपाशीपोटी पहाटेचा सराव बंद. सराव संपल्यावर अर्ध्या तासात केळं आणि अंडी किंवा दूध. पाळी परत यायला कित्येक महिने लागू शकतात; तोवर पळण्याचं अंतर कमी ठेवा. प्रशिक्षकांशी बोलताना मुलीला बाजूला बसवू नका, तिलाही सगळं कळू द्या.

प्रश्न : वय ४६. तिशीपर्यंत कुस्ती केली. आता वजन ११८ किलो, गुडघे दुखतात. जोर-बैठका पुन्हा सुरू करू का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : बैठका लगेच नकोत. तालीम सुटली, खुराक सुटला नाही, असं बऱ्याच पैलवानांचं होतं. दोन लिटर म्हशीचं दूध म्हणजे दोन हजारांच्या आसपास कॅलरी. आखाड्यात त्या जळत होत्या. एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो. दहा किलो उतरले तर काय होईल, हिशोब तुम्हीच करा.

सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करण्याने, १० चे तीन फेरे, खुर्ची उंच घेऊन. आडवं पडून सरळ पाय वीतभर उचलून दहा सेकंद धरा, प्रत्येक पायाला दहा वेळा. रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), ईसीजी तपासून घ्या. पैलवानाची मान जाड असते. गळ्याचा घेर १७ इंचांपेक्षा जास्त असेल, मोठं घोरणं असेल आणि दिवसा झोप येत असेल, तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करा. तसा श्वास अडकत राहिला तर रक्तदाब गोळ्यांनीही आटोक्यात येणं अवघड होतं. हाताला मुंग्या येत असतील, शर्टाची बटणं लावता येत नसतील किंवा चालताना तोल जात असेल, तर मानेत मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. मग मान मोडून घेणं, मालिश हे सगळं थांबवा आणि त्याच आठवड्यात मेंदू-मणका तज्ज्ञांना दाखवा.