वाचकांचे प्रश्न : ‘बीटीके’ जनुकातील दोष

प्रश्न : मुलगा ३ वर्षांचा, वजन १४ किलो. सातव्या महिन्यापासून कान फुटतो, दोनदा न्यूमोनिया झाला. तपासणीत आयजीजी (रक्तातली मुख्य प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रथिने) अगदी कमी, ती प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशी जवळजवळ नाहीतच आणि ‘बीटीके’ जनुकात दोष निघाला. आयव्हीआयजी (रक्तदात्यांची प्रतिपिंडे शिरेतून देणे) आयुष्यभर द्यावे लागेल का? मग पहिले सहा महिने तो ठणठणीत कसा होता?
– एक आई, सातारा

उत्तर : बहुधा आयुष्यभर. पहिले सहा महिने तो तुमच्याच प्रतिपिंडांवर निभावला. वारेतून मिळालेला तो साठा संपला आणि आजारपणे सुरू झाली. बीटीके हे प्रथिन अस्थिमज्जेतल्या कोवळ्या बी पेशीला वाढीचा संदेश देते. तो पोचला नाही की पेशी तिथेच अडकते.

डोस किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम, दर ३-४ आठवड्यांनी. म्हणजे १४ किलोला साधारण ७ ग्रॅम. मूल वाढते आणि डोस जुन्याच वजनाचा राहतो, ही नेहमीची चूक. आयजीजी पुढच्या डोसच्या अगदी आधी तपासावे. ते डेसिलिटरला ७०० मिलिग्रॅमच्या वर असूनही छाती भरत असेल, तर डोस वाढवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. सलाईन चालू असताना थंडी वाजली किंवा डोके दुखले, तर बहुतेकदा वेग जास्त असतो. लगेच नर्सला सांगा. खर्च वाचवायला डोस लांबवू नका. वारंवारच्या संसर्गाने श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्या पूर्ववत होत नाहीत.

पोलिओचे तोंडी थेंब त्याला नाहीत आणि घरातल्या भावंडांनाही नाहीत. त्यांना पोलिओचे इंजेक्शन द्या. थेंबांतला जिवंत विषाणू अशा मुलाच्या आतड्यात दीर्घकाळ टिकून लकवा आणू शकतो. पल्स पोलिओच्या दिवशी दारात येणाऱ्या आशाताईंना डॉक्टरांचे पत्र दाखवा. आणखी एक : आयव्हीआयजीनंतर कावीळ किंवा एचआयव्हीची प्रतिपिंड-चाचणी फसवी येऊ शकते, कारण ती प्रतिपिंडे रक्तदात्यांची असतात. थेट विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर चाचणी करून घ्या.

प्रश्न : बहिणीच्या मुलाला हाच आजार आहे. मला दिवस राहण्याआधी काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी भाच्याच्या जनुकातला नेमका बदल कळायला हवा, नंतर तोच तुमच्या रक्तात शोधतात. तुम्ही वाहक (स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकणारी) निघालात, तर प्रत्येक मुलग्याला आजाराची शक्यता ५० टक्के. मुली सहसा आजारी पडत नाहीत, पण वाहक असू शकतात. गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन होते. परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत या आजारांचे काम चालते. तिथे चौकशी गरोदरपणाआधीच करा, कारण जनुकाचा अहवाल यायला आठवडे लागू शकतात.